उजव्या हाताने वर-खाली, डाव्या हाताने पुढे-मागे: उभ्याने उतरणाऱ्या लढाऊ विमानाची हाताळणी सोपी कशी झाली

हवेत एका जागी थांबून सरळ खाली उतरणाऱ्या लढाऊ विमानाबद्दल बोलताना बहुतेक वेळा इंजिनाची चर्चा होते. किती पौंडांचा जोर, झोत किती गरम, वजन किती कमी करता आले, वगैरे. ते विमान उडवणाऱ्याच्या दोन हातांकडे आणि दोन पायांकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. अशा विमानांत हॅरियर हे जुने ब्रिटिश, तर एफ-३५बी हे आजचे अमेरिकन. हॅरियरपासून एफ-३५बीपर्यंत आलो तर यंत्र पुष्कळ बदलले हे खरेच. पण माझ्या मते सगळ्यात धाडसी निर्णय इंजिनाच्या बाबतीत झाला नाही. कोणत्या हाताने विमानाकडे काय मागायचे, याबद्दलचा निर्णय सगळ्यात धाडसी होता. त्याला दोन दशके लागली, आणि ज्यांना या विषयातले सर्वांत जास्त कळत होते त्यांच्यातल्याच अनेकांना तो पटत नव्हता. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे आहे.

हॅरियरचा डावा हात

२१ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या डन्सफोल्ड तळावर हॉकर कंपनीचे पी.११२७ हे प्रायोगिक विमान जमिनीला बांधलेल्या अवस्थेतच पहिल्यांदा हवेत उचलले गेले. चाचणी वैमानिक बिल बेडफर्ड यांचा एक पाय त्या वेळी प्लास्टरमध्ये होता, तरी ते उडाले. त्या विमानाचा पुढचा अवतार म्हणजे हॅरियर. १९६९ मध्ये ते रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले.

त्याची मूळ कल्पना आजही थक्क करते. पेगासस हे एकच इंजिन आणि त्याला चार फिरती नोझल, म्हणजे झोत बाहेर सोडणारी तोंडे. नोझल मागे वळवली की विमान पुढे धावते, खाली वळवली की त्याच जोरावर हवेत उभे राहते. चारही नोझल एकत्र फिरतात, त्यामुळे वैमानिकाला त्यांच्यासाठी एकच लिव्हर पुरतो. हा लिव्हर थ्रॉटलच्या शेजारी बसवला होता, म्हणजे डाव्या हाताला एकाऐवजी दोन दांडे. एकाने इंजिनाचा जोर ठरवायचा, दुसऱ्याने त्या जोराची दिशा.

उजव्या हातात नेहमीची स्टिक. विमान वेगात असताना ती पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या पृष्ठभागांना हुकूम देते. पण विमान जवळजवळ थांबले की त्या पृष्ठभागांवरून वाराच वाहत नाही, मग ते निरुपयोगी होतात. म्हणून इंजिनातून काढलेली दाबाची हवा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांशी असलेल्या छोट्या छिद्रांतून सोडून तोल सांभाळण्याची व्यवस्था होती. पायांखालचे पेडल नाक डावी-उजवीकडे वळवत.

आता उतरणे कसे होई ते पाहा. धावपट्टीकडे किंवा जहाजाकडे येताना वैमानिक नोझल खाली वळवतो. वेग घटू लागतो. वेग घटला की पंखांची उचल घटते, म्हणून तेवढ्याच प्रमाणात थ्रॉटल वाढवत न्यायचा. डावा हात एका लिव्हरवरून दुसऱ्यावर आणि परत पहिल्यावर जातो. नाक ठरावीक कोनात धरायचे, ते उजव्या हाताचे काम. इंजिनाचे तापमान मर्यादेत आहे ना, हे डोळ्यांनी पाहायचे. आणि या सगळ्यात विमान आडवे सरकत नाही ना, याकडे सतत लक्ष ठेवायचे.

आडवे सरकण्याची भीती फार खरी होती. इंजिन समोरून प्रचंड हवा गिळत असते. विमान नाकाच्या दिशेने न जाता थोडे जरी तिरके जाऊ लागले, तरी ती आत ओढली जाणारी हवा नाकाला आणखी बाजूला ढकलते. त्याच वेळी मागे झुकलेल्या पंखांमुळे विमान एका कुशीवर कलू लागते. मधल्या वेगात ही दोन्ही बले टोकांवरच्या छिद्रांच्या ताकदीबाहेर जाऊ शकतात, आणि विमान क्षणात उलटते. म्हणूनच हॅरियरच्या काचेसमोर, वैमानिकाच्या अगदी नजरेत, एक साधा वातदर्शक बसवलेला असे. जगातल्या अतिशय पुढारलेल्या लढाऊ विमानाच्या नाकावर वाऱ्याने फिरणारी पत्र्याची पट्टी! पण तिने अनेकांचे प्राण वाचवले असणार, याबद्दल मला शंका नाही.

ब्रिटनमध्ये हॅरियरकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी काही काळ हेलिकॉप्टर उडवायला देत, हवेत थांबणे म्हणजे काय हे अंगवळणी पडावे म्हणून. पुढे अमेरिकन मरीन कोअरसाठी बनलेल्या एव्ही-८बी या सुधारित हॅरियरमध्ये तोल सावरणारी स्वयंचलित मदत वाढली, पण दोन हातांत तीन दांडे ही मूळ मांडणी तशीच राहिली. लॉस एंजेलिस टाइम्सने २००२ मध्ये मरीन कोअरच्या हॅरियरवर एक लेखमाला छापली. या विमानाशी जोडलेल्या ४५ मृत्यूंचा मागोवा तिने घेतला आणि २००३ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. ते सगळे मृत्यू हाताळणीच्या अवघडपणामुळे झाले असे म्हणता येणार नाही. इंजिनातले बिघाड होते, देखभालीचे प्रश्न होते. पण एवढे निश्चित, की हे विमान चुकीला जागा देत नव्हते.

सोव्हिएत नौदलाने वेगळी वाट धरली होती. त्यांच्या याक-३८ मध्ये उतरताना उचल देण्यासाठी स्वतंत्र छोटी इंजिने होती. त्यातले एक जरी बंद पडले तरी वैमानिकाला विचार करायलाही वेळ मिळणार नाही, हे ओळखून त्यांनी त्यात स्वयंचलित इजेक्शन बसवले. विमान ठरावीक मर्यादेपलीकडे कलले की आसन वैमानिकाला न विचारता बाहेर फेकत असे. माणूस वाचवण्याचा तो प्रामाणिक उपाय होता, पण विमान सोपे करण्याचा नव्हता.

अवघड नेमके काय आहे

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

तीन दांडे सांभाळावे लागतात म्हणून हॅरियर अवघड, असे सहज म्हटले जाते. ते अर्धे उत्तर आहे. खरी अडचण अशी, की एकाच हालचालीचा अर्थ वेगानुसार बदलतो.

वेगात उडताना स्टिक मागे ओढली की नाक वर जाते, पंखांची उचल वाढते आणि विमान चढते. वेग बराच कमी झाल्यावर तीच स्टिक मागे ओढली तर विमान क्षणभर चढल्यासारखे करते. पण नाक वर गेल्याने हवेचा रोध वाढतो, वेग आणखी घटतो आणि विमान खाली बसू लागते. आणि पूर्ण थांबलेल्या अवस्थेत स्टिक मागे ओढली, तर नाक वर होऊन खाली जाणारा झोत तिरका होतो, विमान मागे सरकते आणि थोडी उंचीही गमावते.

डाव्या हाताचेही असेच. वेगात थ्रॉटल म्हणजे वेग, थांबलेल्या अवस्थेत थ्रॉटल म्हणजे उंची. अधल्यामधल्या टप्प्यात तो थोडा हा आणि थोडा तो, आणि त्यात नोझलच्या कोनानुसार प्रमाण सतत पालटत जाणार.

म्हणजे वैमानिकाला केवळ विमान उडवायचे नसते. आत्ता आपण कोणत्या टप्प्यात आहोत आणि त्यामुळे आपल्या हातांचा आत्ताचा अर्थ काय, हे त्याला दर क्षणी मनात नवे करावे लागते. रात्रीच्या पावसात, हलत्या जहाजाच्या बाजूला, टाकीतले इंधन संपत आलेले असताना. प्रशिक्षणाने हे जमते. हॅरियरच्या वैमानिकांनी ते अनेक दशके करून दाखवले. पण ज्या कौशल्यासाठी इतकी बुद्धी खर्ची पडते, तीच बुद्धी लढाईसाठी कमी पडते.

मागचे आसन प्रयोगाचे, पुढचे भरवशाचे

१९८० च्या दशकात ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटने बेडफर्ड येथील तळावर एक दोन आसनी हॅरियर खास या प्रश्नासाठी राखून ठेवला. त्याचा क्रमांक एक्सडब्ल्यू१७५. या संशोधनाचे नाव लांबलचक होते, पण सगळे त्याला व्हॅक हॅरियर म्हणत. अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रातही याच दिशेने काम चालू होते. त्यांच्याकडे वायएव्ही-८बी हे सुधारित हॅरियरचे एक प्रायोगिक विमान होते, शिवाय वैमानिकाला कॉकपिटसकट सुमारे १८ मीटर वर-खाली हलवू शकणारा भव्य सिम्युलेटर होता.

व्हॅक हॅरियरची रचना मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पुढच्या आसनावर सुरक्षा वैमानिक बसे. त्याच्यापुढे हॅरियरचे मूळचे, यांत्रिक जोडणीचे दांडे. मागच्या आसनावर चाचणी घेणारा. त्याच्या दांड्यांचा पृष्ठभागांशी थेट संबंध नव्हता. ते फक्त संगणकाला सांगत, आणि संगणक स्टिक, थ्रॉटल, नोझल ही सगळी यंत्रणा एकत्र चालवी. मागच्या दांड्यांचा अर्थ सॉफ्टवेअरमध्ये बदलता येई. आज एक मांडणी, उद्या दुसरी. आणि संगणक जे करे त्यानुसार पुढचे दांडेही हलत, त्यामुळे सुरक्षा वैमानिकाला काय चालले आहे ते हातालाच कळे. काही विपरीत दिसले तर तो ताबा घेई आणि विमान पुन्हा साधा हॅरियर होई.

या व्यवस्थेमुळे एक गोष्ट शक्य झाली जी कागदावर कधीच झाली नसती. हॅरियर कधीच न उडवलेल्या वैमानिकाला थेट मागे बसवून, खऱ्या हवेत, खऱ्या झोतावर उभे करून विचारता आले: तुला काय सहज वाटते?

कोणत्या हाताला काय

संगणक मध्ये आल्यावर नोझलचा वेगळा लिव्हर लागणार नाही, यावर लवकरच एकमत झाले. जोर किती आणि दिशा कोणती, हे दोन्ही संगणक ठरवेल. वैमानिकाकडे दोनच हत्यारे राहतील: उजव्या हातात स्टिक, डाव्या हातात एक लिव्हर. वाद त्यापुढचा होता.

एक मार्ग असा, की वेगात असताना विमान नेहमीच्या लढाऊ विमानासारखे वागेल, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली आला की मांडणी बदलेल. मग डावा लिव्हर उंची सांभाळेल, उजवी स्टिक पुढे-मागे सरकवेल. थोडक्यात हेलिकॉप्टरसारखे, आणि हॅरियरमधल्या सवयींना जवळचे. दुसरा मार्ग मूलगामी होता. त्याचे नाव युनिफाइड. यात उजवा हात कायम वर-खाली ठरवणार आणि डावा हात कायम पुढे जाण्याचा वेग ठरवणार. ध्वनीच्या वेगाजवळ असो की एका जागी उभे असो, स्टिक मागे ओढली की वर, पुढे ढकलली की खाली. लिव्हर पुढे म्हणजे वेग वाढव, मागे म्हणजे कमी कर. मधे कुठेही अर्थ पालटणार नाही. या दोन टोकांच्या मधले काही मेळही तपासले गेले.

पहिल्या मार्गाचे आकर्षण उघड आहे. पण त्याच्या पोटात जुनी अडचण तशीच शिल्लक राहते. मांडणी नेमकी कधी बदलली, हे वैमानिकाला माहीत असावे लागते. वाऱ्याच्या झोतात वेग त्या मर्यादेच्या वर-खाली होत असेल तर? उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे असेल तर त्या क्षणी कोणता हात पुढे ढकलायचा? म्हणजे तीन दांड्यांचे दोन झाले, तरी 'माझ्या हाताचा आत्ताचा अर्थ काय' हा प्रश्न वैमानिकाच्या मनातच राहिला.

जाणत्यांचा आक्षेप

युनिफाइडला हॅरियरच्या अनुभवी वैमानिकांमधून विरोध झाला. त्यांचा आक्षेप अहंकारातून आलेला नव्हता, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय या निर्णयाचे मोल कळत नाही.

हॅरियर हवेत उभा आहे आणि अचानक खाली बसू लागला, तर अनुभवी वैमानिकाचा डावा हात विचाराच्या आधी थ्रॉटल पुढे ढकलतो. शेकडो उतरणींतून मुरलेली ही प्रतिक्रिया आहे. तिनेच त्याला आजवर जिवंत ठेवले आहे. आता तोच माणूस युनिफाइड विमानात बसला, विमान खाली बसते आहे असे वाटले आणि त्याने डावा हात पुढे ढकलला, तर काय होईल? विमान वर जाणार नाही. ते पुढे निघेल. जहाजाच्या डेकवर, समोर उभ्या असलेल्या विमानांच्या आणि माणसांच्या दिशेने. उजव्या हाताचेही तेच. हॅरियर किंवा हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला किंचित पुढे सरकायचे असेल तर तो स्टिक पुढे ढकलेल. युनिफाइडमध्ये त्याचा अर्थ 'खाली जा' असा होईल. जमिनीपासून काही मीटरवर.

म्हणजे ज्यांच्या हातात सर्वांत जास्त कौशल्य होते, त्यांच्यासाठी नवी मांडणी सर्वांत धोक्याची ठरू शकत होती. त्यातही शांत चाचणीत धोका दिसणार नाही. घबराटीच्या एका क्षणी जुनी सवय उसळून वर येईल, तेव्हाच तो दिसेल. हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नव्हते.

पण दुसरी बाजू अशी की नव्या विमानाचे बहुसंख्य वैमानिक हॅरियरवरून येणारच नव्हते. ते साध्या लढाऊ विमानांवरून किंवा थेट प्रशिक्षण शाळेतून येणार होते. त्यांच्या हातांना एवढेच ठाऊक होते की ओढले की वर. व्हॅकच्या मागच्या आसनावर अशा वैमानिकांना युनिफाइड फार लवकर जमे. शिवाय नवी पिढी त्याच मांडणीवर घडली की जुनी सवय हा प्रश्न एका पिढीतच संपणार होता. उलट पहिल्या मार्गातली गोंधळाची जागा विमान असेपर्यंत राहिली असती. मला हा युक्तिवाद निर्णायक वाटतो. चाळीस-पन्नास वर्षे सेवेत राहणारे यंत्र आजच्या तज्ज्ञाच्या हातांना जुळवून घेऊन बनवले, तर त्या तज्ज्ञाच्या निवृत्तीनंतरही त्याच्या सवयींची किंमत इतर मोजत राहतात.

शेवटी एफ-३५ विमाने घडवणाऱ्या जॉइंट स्ट्राइक फायटर कार्यक्रमाने एफ-३५बीसाठी युनिफाइड निवडले. अभिप्राय आणि मतदान यांवर हा वाद सुटला नसता. तो सुटला कारण दोन्ही बाजूंचे वैमानिक एकाच विमानात, एकाच दिवशी, दोन्ही मांडण्या उडवून पाहू शकत होते.

सोपेपणाच्या आतले गणित

बाहेरून हे सरळ दिसते: ओढले की वर. ते खरे करण्यासाठी आत काय चालते ते पाहिले की काम किती कठीण होते ते कळते.

वेगात असताना 'वर' म्हणजे उड्डाणमार्गाचा कोन. विमान क्षितिजाशी किती अंशांनी चढते आहे, ते. पण वेग शून्याकडे गेला की या कोनाला अर्थच उरत नाही. थांबलेल्या विमानाचा मार्ग कोणता? तिथे 'वर' म्हणजे दर सेकंदाला किती फूट चढायचे, एवढेच. म्हणून स्टिकचा हुकूम कोनाकडून उभ्या वेगाकडे हळूहळू, सांधा न जाणवता मिसळत न्यावा लागतो. बाजूच्या हालचालीतही तेच: वेगात स्टिक डावीकडे म्हणजे कलण्याची गती, थांबलेल्या अवस्थेत म्हणजे डावीकडे सरकणे. पेडल वेगात आडवे सरकणे सांभाळतात, थांबल्यावर नाक फिरवतात. अर्थ आतून बदलतोच. फक्त तो बदल अशा रीतीने गुंफलेला असतो की हाताची अपेक्षा कुठेही फसत नाही. हॅरियरच्या वैमानिकाच्या डोक्यात चालणारा हिशेब इथे संगणकात गेला.

एफ-३५बीची यंत्रणा हॅरियरपेक्षा गुंतागुंतीची आहे. कॉकपिटच्या मागे एक मोठा पंखा आहे. तो मुख्य इंजिनाला जोडलेल्या शाफ्टवर क्लचने चालतो आणि थंड हवा खाली सोडतो. मागचे नोझल तीन बेअरिंगवर फिरत ९५ अंशांपर्यंत खाली वळते, साधारण अडीच सेकंदांत. दोन्ही पंखांखालून आणखी दोन छोटे झोत बाहेर पडतात, ते कलणे सांभाळतात. सगळे मिळून सुमारे ४०,००० पौंडांचा जोर, त्यातला जवळपास निम्मा पुढच्या पंख्याचा. शिवाय वेग असेपर्यंत नेहमीचे पृष्ठभागही कामात असतात. वैमानिकाने 'थोडे वर' म्हटले, तर तो जोर या सगळ्यांत कसा वाटायचा? पुढचा झोत मागच्यापेक्षा जरा जास्त वाढला तर नाक वर जाईल. इंजिन त्याच्या मर्यादेला टेकले असेल आणि वैमानिक वर जा आणि बाजूलाही सर असे दोन्ही मागत असेल, तर कोणती मागणी आधी पुरवायची, हेही आधीच ठरवलेले असावे लागते. एफ-३५ च्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये विमानाचे गणिती प्रारूप सतत उलटे सोडवले जाते: हवी असलेली हालचाल आधी, आणि ती घडवण्यासाठी कोणता भाग किती हलवायचा हे त्यावरून.

डाव्या लिव्हरवर एक छोटी पण फार विचारपूर्वक केलेली सोय आहे. मध्यावर एक खाच हाताला लागते. लिव्हर तिथे ठेवला की आहे तो वेग कायम. पुढे-मागे ढकलला की वेग वाढतो किंवा घटतो. आणि विमान जवळजवळ थांबल्यावर वापरायची एक वेगळी पद्धत आहे, ज्यात डावा लिव्हर मध्यापासून जितका ढळेल तितक्या वेगाने विमान जमिनीच्या संदर्भात पुढे-मागे सरकते, आणि स्टिक बाजूला जितकी ढळेल तितक्या वेगाने डावी-उजवीकडे. लिव्हर खाचेत ठेवून स्टिक सोडली की ते जिथे असेल तिथे थांबते. हॅरियरमध्ये एका जागी थांबणे म्हणजे तळहातावर उभी काठी तोलत राहणे होते. इथे काहीच न करणे म्हणजे थांबणे.

विमान आले

एफ-३५बीने पहिले उड्डाण ११ जून २००८ रोजी केले आणि मेरीलँडमधल्या पॅटक्सेंट रिव्हर तळावर १८ मार्च २०१० रोजी ते पहिल्यांदा उभ्याने उतरले. दोन्ही वेळा वैमानिक ग्रॅहम टॉमलिन्सन होते. ते मुळात हॅरियरचे वैमानिक, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जुनी सवय असलेला माणूसही नवी मांडणी आत्मसात करू शकतो, याचा तो जाहीर पुरावा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये विमान यूएसएस वॉस्प या अमेरिकन युद्धनौकेच्या डेकवर उतरले, ३१ जुलै २०१५ रोजी मरीन कोअरने ते सेवेसाठी सज्ज झाल्याचे जाहीर केले.

जहाजावर

हात मोकळे झाल्यावर काय काय करता येते, हे व्हॅक हॅरियरनेच आधी दाखवले होते. २००५ मध्ये तो एचएमएस इन्व्हिन्सिबल या विमानवाहू जहाजावर पूर्णपणे आपोआप उतरला. जगात पहिल्यांदाच.

त्याहून उपयोगी ठरला एक वेगळा प्रयोग. उभ्याने उतरताना सगळे वजन झोतावर पेलावे लागते, म्हणून न वापरलेली जड शस्त्रे आणि उरलेले इंधन परत आणण्यावर मर्यादा येते. उष्ण हवेत तर जास्तच. उपाय असा, की थोडा पुढचा वेग ठेवून यायचे, पंखांची थोडी उचल घ्यायची, आणि डेकवर टेकून ब्रेकने थांबायचे. अडकवायला तार नाही, हूक नाही. हॅरियरच्या तीन दांड्यांनी, हलत्या डेकवर, ठरलेल्या बिंदूवर हे रोज करायला कुणी धजावले नसते. युनिफाइडमध्ये उजवा हात फक्त मार्ग धरतो आणि डावा फक्त वेग, त्यामुळे ते आवाक्यात आले. व्हॅकने त्यासाठी २००७ मध्ये फ्रान्सच्या शार्ल द गोल या विमानवाहू जहाजावर आणि २००८ मध्ये एचएमएस इलस्ट्रियसवर चाचण्या दिल्या. डेकवरच्या खास दिव्यांच्या रांगेला बेडफर्ड अ‍ॅरे हे नाव पडले, ते त्या जुन्या तळावरून. ऑक्टोबर २०१८ मध्ये एचएमएस क्वीन एलिझाबेथवर चाचणी वैमानिक पीटर विल्सन यांनी एफ-३५बी अशा रीतीने प्रथमच उतरवले.

हाच विचार नंतर साध्या विमानवाहू जहाजांवर तारेत हूक अडकवून उतरणाऱ्या एफ/ए-१८ विमानांपर्यंत पोहोचला. स्टिकने थेट मार्ग मागायचा, बाकी संगणकाने पाहायचे. अमेरिकन नौदलाचे अभियंते जेम्स डेनहॅम यांचे नाव या दोन्ही कामांशी जोडलेले आहे. उभ्याने उतरण्याच्या अडचणीतून निघालेले उत्तर ज्यांना ती अडचण कधीच नव्हती त्यांच्याही कामी आले.

जे सुटले नाही

एफ-३५बीमध्ये आजही स्वयंचलित इजेक्शन आहे. पुढचा पंखा अचानक बंद पडला तर नाक इतक्या झटकन खाली जाते की माणसाची प्रतिक्रिया पुरत नाही. याक-३८ च्या रचनाकारांनी ओळखलेली गोष्ट अजून खरी आहे. हाताळणी सोपी केल्याने झोतावर उभे राहण्याचा मूळ धोका नाहीसा होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी दक्षिण कॅरोलिनामध्ये चार्ल्स्टनजवळ एक एफ-३५बी ढगांतून उतरणीसाठी येत होते. उतरणे रद्द करून, उतरण्याच्या पद्धतीतून नेहमीच्या उड्डाणाकडे परतताना वीजयंत्रणेत बिघाड झाला. हेल्मेटमधले आणि समोरचे दृश्यपट जाऊ-येऊ लागले, मुख्य रेडिओही गेला. विमान आपल्या हाताबाहेर गेले असे वाटून वैमानिकाने इजेक्ट केले. त्यानंतर ते विमान कुणीही आत नसताना ११ मिनिटे २१ सेकंद उडत राहिले आणि सुमारे ६४ सागरी मैलांवर कोसळले.

हॅरियर त्या अवस्थेत काही क्षणही टिकला नसता. नियंत्रण यंत्रणेने आपले काम चोख केले: कुणी काही मागत नव्हते, म्हणून तिने तोल धरून ठेवला. पण ते माणसाच्या लक्षात आले नाही. हॅरियरचा वैमानिक विमानाची अवस्था हातांतून, कानांतून, इंजिनाच्या थरथरीतून वाचत असे, कारण त्याला दर क्षणी वाचावीच लागे. एफ-३५बीच्या वैमानिकाला ती पडद्यावर मिळते. चौकशी अहवालाने इजेक्ट करण्याचा निर्णय अयोग्य ठरवला, कारण विमान उडण्याजोगे होते आणि राखीव उपकरण अचूक माहिती दाखवत होते. पण नियंत्रण सुटण्याची पुस्तिकेतली व्याख्या फार सैल होती आणि तिचाही या घटनेत वाटा होता, हेही त्याच अहवालात नोंदले आहे.

मला त्या वैमानिकाला दोष देववत नाही. मध्यावरच्या खाचेत लिव्हर ठेवून हात सोडले की विमान तोल धरते, हे युनिफाइड मांडणीचे सर्वांत मोठे देणे आहे. ते सिम्युलेटरमध्ये प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला ढगांत, सगळे पडदे काळे करून, केवळ राखीव उपकरणावर अनुभवायला द्यायला हवे, आणि तेही नेमके पद्धत बदलण्याच्या त्या काही सेकंदांत.